रूट कॅनाल केलेल्या दाताला पुन्हा संसर्ग का होतो?

रानजाई

आईच्या खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल होऊन बरीच वर्षं झाली. वर कॅपही आहे. त्या बाजूने ती आजवर सगळं व्यवस्थित चावत आली. गेल्या महिन्यात चूळ भरताना तिच्या जिभेला हिरडीवर मोहरीएवढी पुळी लागली. दाबली की थोडं पांढरट पाणी येतं, तोंडात खारट-कडवट चव उतरते, दोन दिवस पुळी बसते आणि परत वर येते. दुखत मात्र अजिबात नाही.

दोन डॉक्टरांना दाखवलं. पहिले म्हणाले, दाढ काढून इम्प्लांट करू. दुसऱ्या बाई म्हणाल्या, आधी नीट तपासू, बहुतेक पुन्हा रूट कॅनाल करून दाढ वाचेल. आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडेच करून घेणार आहोत, त्यामुळे काय करू हे मी विचारत नाहीये.

मला हे होतंच कसं ते समजून घ्यायचंय. नस काढून टाकली, पोकळी साफ केली, भरून बंद केली, असं आपल्याला सांगतात. मग आत सडायला उरलं काय? आणि पू आहे तर दुखत कसं नाही? आई रोज विचारते. तिला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. त्याचा काही संबंध असेल का?

इथे दातांचे डॉक्टर आहेत हे माहीत आहे. सवडीने, पण सविस्तर लिहा. आजकाल घरटी एकाचं तरी रूट कॅनाल झालेलं असतंच.

सह्यवेडा

माझ्या वरच्या दाढेचंही असंच आहे. वर्षातून एकदा-दोनदा गाल सुजतो. मेडिकलमधून अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स आणतो, सूज उतरते. काकूंचंही गोळ्यांवर भागणार नाही का? या वयात परत तासभर तोंड उघडं ठेवून बसायचं म्हणजे त्रासच.

कृष्णाकाठ

रानजाई, मी कराडला रूट कॅनालचंच काम करतो. आधी कुठेतरी झालेलं रूट कॅनाल पुन्हा करून घ्यायला येणारे पेशंट माझ्याकडे बरेच असतात, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक जण तुमच्या आईंचाच प्रश्न विचारतो. थोडं लांबेल, पण लिहितो.

हा आजार जिवाणूंचा आहे, इथून सुरुवात करायला हवी. १९६५ साली अमेरिकेत उंदरांवर झालेला एक प्रयोग आम्हाला शिकताना हटकून सांगतात. काही उंदीर जन्मापासून पूर्ण निर्जंतुक जागेत वाढवलेले, काही नेहमीसारखे. दोघांच्याही दाढांना भोक पाडून आतली नस उघडी केली आणि तशीच सोडून दिली. खाल्लेलं अन्न त्यात जाऊन बसत होतं. नेहमीच्या उंदरांच्या नसा सडल्या, मुळांशी पू झाला. निर्जंतुक उंदरांच्या नसा जगल्या, इतकंच नाही तर त्यांनी त्या भोकावर नव्या दंतिनाचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण भागाचा, थर धरला. जखम तीच, अन्न तेच. फरक फक्त जिवाणूंचा.

म्हणजे रूट कॅनालमध्ये खरी दोनच कामं असतात. आतले जिवाणू इतके कमी करायचे की मुळाभोवतीचं हाड आपलं आपण भरून येईल, आणि नवे आत शिरणार नाहीत अशी वाट बुजवायची. आतले सगळेच्या सगळे मारणं आजच्या कुठल्याही साधनाने जमत नाही. पुन्हा संसर्ग होतो तेव्हा यातलं एक काम कमी पडलेलं असतं. कधीकधी दोन्ही.

आता आतले का उरतात ते. कॅनाल म्हटलं की सरळ नळी डोळ्यांसमोर येते. मुळाच्या आतली रचना मात्र नदीच्या खोऱ्यासारखी असते. एक मुख्य पात्र, त्याला फुटलेले ओहोळ, दोन पात्रं जोडणारे अरुंद पाट, आणि टोकाशी त्रिभुज प्रदेशासारखे फाटे. आमची फाइल, म्हणजे आतली भिंत खरवडायची सुईसारखी बारीक कानस, जाते मुख्य पात्रातून. उपचारानंतरच्या दातांचे सूक्ष्म सीटी स्कॅन करून मोजलं गेलं तेव्हा दिसलं की भिंतींचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाइलने स्पर्शलेलाच नसतो. कितीही महागडी फाइल घ्या, यात फार फरक पडत नाही.

त्या कोपऱ्यांत पोचतं ते फक्त द्रावण. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचमधलं रसायन. ते मेलेली नस विरघळवतं आणि जिवाणूही मारतं. पण त्याला वेळ लागतो, ते पुन्हा पुन्हा ताजं सोडावं लागतं, आणि पार टोकाजवळ पोचवावं लागतं. फाइल फिरवताना भिंतीवर जो चुरा लिंपला जातो तो काढायला नंतर ईडीटीए नावाचं द्रावण वापरतात. एका बैठकीत झटपट उरकलेल्या कामात सगळ्यात आधी काटछाट होते ती या धुण्याच्या वेळेत. फाइलचा आवाज पेशंटला ऐकू येतो, धुण्याला आवाज नसतो.

यापेक्षाही जास्त वेळा दिसतं ते म्हणजे आख्खा एक कॅनाल सापडलेलाच नसणं. वरच्या पहिल्या दाढेच्या गालाकडच्या पुढच्या मुळात निम्म्याहून जास्त माणसांना दुसरा कॅनाल असतो. त्याचं तोंड केसाएवढं बारीक, वर दंतिनाची कड आलेली. नुसत्या डोळ्यांनी तो चुकणं फार सोपं आहे. खालच्या पहिल्या दाढेला सहसा तीन कॅनाल, पण साधारण तिघांत एकाला चौथा. खालच्या समोरच्या दातांतही दोन-दोन कॅनाल बऱ्याच जणांना असतात. न सापडलेल्या कॅनालमध्ये कुजलेली नस तशीच राहते, आणि बाकीचे तीन कितीही सुंदर भरले तरी त्या मुळाला त्याचा काही उपयोग नसतो.

आणि काही जिवाणू चिवटच असतात. अपयशी रूट कॅनालमध्ये वारंवार सापडणारा एंटेरोकॉकस फिकॅलिस मूळचा आपल्या आतड्यातला रहिवासी. आम्ही दोन बैठकींच्या मध्ये कॅनालमध्ये जे कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरतो, त्याच्या तीव्र अल्कधर्मी वातावरणात बाकीचे मरतात आणि हा तग धरतो. तो दंतिनातल्या एक-दोन मायक्रॉन रुंदीच्या नलिकांमध्ये घुसून बसतो आणि उपाशी राहूनही दीर्घकाळ जगतो. मात्र सगळं खापर याच्यावर फोडू नये. चांगल्या भरलेल्या दातांतही तो कधीकधी मिळतो आणि बिघडलेल्या दातांत दुसरेच जिवाणूही मिळतात.

दुखत का नाही, याचं उत्तर त्या पुळीतच आहे. पू हाडात कोंडला की दाब वाढतो आणि माणूस रात्र बसून काढतो. पुळी म्हणजे पुवाने हाडातून हिरडीपर्यंत काढलेली वाट. निचरा होतोय म्हणून वेदना नाही. आत हाड झिजण्याचं काम चालूच असतं.

सह्यवेडा, तुमच्या गोळ्यांबद्दल. अँटिबायोटिक रक्तातून पोचतं. ज्या दाताची नस गेली त्याच्या आत रक्तच नाही. गोळी मुळाबाहेरच्या हाडातली सूज ओसरवते, आत ठाण मांडून बसलेल्यांपर्यंत जात नाही. म्हणून तर दर वर्षी परत सुजतं. मधल्या काळात तिथलं हाड कमी होत जातं आणि त्या औषधाला दाद न देणारे जिवाणू मागे उरतात. मनापासून सांगतो, हे थांबवा आणि एक्सरे काढून घ्या. आणि सुजेबरोबर ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

मधुमेहाचं उद्या लिहितो, पेशंट आलाय.

अबोली

डॉक्टर, फार छान समजावलंत. एक विचारू का? रूट कॅनाल झालं की लगेच कॅपसाठी मागे लागतात. दाताचं दुखणं थांबलेलं असतं, आणि कॅपचा खर्च रूट कॅनालएवढाच, कधी जास्त. आमच्या सोसायटीत कितीतरी जणी "दुखत नाही ना, मग राहू दे" म्हणून तशाच आहेत. कॅप नसली तर खरंच संसर्ग होतो, का फक्त दात तुटू नये म्हणून असते ती?

कृष्णाकाठ

दोन्ही, अबोलीताई. आणि वर म्हटलेलं दुसरं काम, बाहेरच्यांची वाट बुजवणं, ते इथेच बिघडतं.

कॅनालमध्ये आम्ही भरतो ते गटापर्चा, मलाया भागातल्या एका झाडाचा चीक. कॅनाल भरायला १८६७ पासून वापरात आहे. आजवर त्याहून बरं काही फारसं मिळालेलं नाही, पण ते दंतिनाला स्वतःहून चिकटत नाही. सोबतचं सिमेंट ती फट भरतं, आणि ते सिमेंट लाळेत हळूहळू विरघळतं. त्यामुळे वरचं झाकण गेलं की लाळ खाली झिरपायला लागते. १९९० साली काढलेल्या दातांवर केलेल्या प्रयोगात, वरचं तोंड उघडं ठेवल्यावर एका जातीच्या जिवाणूंनी १९ दिवसांत निम्म्याहून अधिक भरलेली मुळं वरपासून टोकापर्यंत पार केली. दुसऱ्या एका जातीला निम्म्या मुळांसाठी ४२ दिवस लागले.

ते तात्पुरतं पांढरं सिमेंट असतं ना, तेही निदान साडेतीन मिलिमीटर जाडीचं असावं लागतं आणि काही आठवड्यांपुरतंच असतं. चावून चावून त्याचा मधला भाग खोल जातो, कडेला फट पडते. पेशंटला काहीच जाणवत नाही, कारण सांगायला नसच उरलेली नाही.

जुनी कॅप काढल्यावर मी काय पाहतो ते सांगतो. वरून कॅप चकचकीत असते. कापून उचलली की आधी वास येतो, कुजकट, मास्कमधूनही कळतो. कॅपच्या काठाखाली दात तपकिरी आणि इतका मऊ, की हातातल्या चमच्यासारख्या अवजाराने पापुद्रे निघतात. गटापर्चाचा रंग मुळात गुलाबी-नारिंगी, तो वरच्या काही मिलिमीटरमध्ये काळपट झालेला. असं दिसलं की वाट वरून होती हे कळतं. कॅप बसवली म्हणून कीड लागणं थांबत नाही. कॅपची कड आणि हिरडी यांच्यामधली रेघ रोज घासावी लागते, आणि दोन दातांच्या फटीतून धागा किंवा बारीक ब्रश फिरवावा लागतो. हे सांगायला आम्ही डॉक्टरही फार कमी वेळ देतो.

आकडाच हवा असेल तर अमेरिकेत विम्याच्या नोंदींवरून १४ लाख ६२ हजार ९३६ रूट कॅनाल झालेल्या दातांचा मागोवा घेतला गेला होता, २००४ साली तो प्रसिद्ध झाला. आठ वर्षांनंतर ९७ टक्के दात तोंडात होते. जे काढावे लागले त्यातल्या ८५ टक्क्यांवर पूर्ण कॅप नव्हती. समोरच्या दाताचं बरंचसं अंग शाबूत असेल तर नुसतं चांगलं फिलिंग पुरतं. चावायच्या दाढांना कॅप, नाहीतर निदान वरचे उंचवटे झाकणारं काहीतरी, हवंच. पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नीट चिकटवलेलं कंपोझिटचं पक्कं फिलिंग करून दाढेची उंची थोडी कमी करून ठेवता येते, मग जमेल तेव्हा कॅप. तात्पुरत्या सिमेंटवर वर्ष काढणं सगळ्यात वाईट.

संत्राबर्फी

मीही याच क्षेत्रातली, नागपूरला. कृष्णाकाठ सरांच्या लिखाणात एक भर. १९९५ साली १०१० दातांच्या एक्सरेंवरून एक निष्कर्ष आला होता, की मुळाच्या टोकाशी आजार होणं-न होणं हे आतल्या भरणीपेक्षा वरच्या फिलिंगवर जास्त ठरतं. तेव्हापासून "कॅप करा, बाकी सगळं माफ" असा सूर लागला. नंतरच्या एकत्रित अभ्यासांत मात्र दोन्हींचं वजन सारखंच निघालं. आणि प्रयोगशाळेतले १९ दिवस तोंडात जसेच्या तसे लागू होत नाहीत. आतून खरोखर नीट धुतलेला आणि भरलेला कॅनाल, वरचं फिलिंग पडून बरेच महिने झाले तरी टोकापर्यंत शाबूत असल्याचं खऱ्या पेशंटांच्या दातांत दिसलेलं आहे. म्हणून माझं मत असं, की कॅपचा मुद्दा खरा असला तरी आतल्या कामातली ढिलाई कॅपखाली झाकली जाते, आणि ती पेशंटला कधीच दिसत नाही.

पेशंटला बघता येईल अशी एक गोष्ट आहे, रबर डॅम. दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पातळ पडदा, फक्त तेवढा एक दात बाहेर. १८६४ पासून आहे. तो नसेल तर एकीकडे कॅनाल धुताय आणि दुसरीकडे लाळ आत चाललीय. पडद्याशिवाय हायपोक्लोराइटही मोकळेपणाने वापरता येत नाही, घशात जाईल ही भीती असते. आपल्याकडे अजूनही पुष्कळ ठिकाणी लावत नाहीत, वेळ जातो म्हणून. खुर्चीत बसण्याआधी विचारा. विचारल्याचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

कृष्णाकाठ

संत्राबर्फी मॅडम, पूर्ण सहमत. रबर डॅमबद्दल मी आधीच लिहायला हवं होतं इतकं ते महत्त्वाचं आहे.

रानजाई, मधुमेहाचं. संबंध आहे, पण कारण म्हणून नाही. साखर ताब्यात नसली की मुळाशी झिजलेलं हाड भरायला वेळ लागतो, आणि आधीपासून मुळाशी आजार असलेल्या दातांत यशाचं प्रमाण कमी राहतं असं दिसतं. तंबाखू आणि मिश्रीचं स्वतंत्र. आमच्याकडे साताऱ्या-सांगलीच्या खेड्यांतून येणाऱ्या बायका हिरडीवर दिवसातून चार वेळा मिश्री लावतात, तिथे हिरडी आणि हाड दोन्ही मागे सरकलेलं असतं. मूळ उघडं पडलं की नवी कीड तिथूनच धरते. उपचाराआधी साखर तपासून घ्या, तीन महिन्यांची सरासरीची तपासणी.

उत्तरायण

मी न्यू जर्सीत असते. माझ्या वरच्या समोरच्या दाताचं रूट कॅनाल कॉलेजात असताना पुण्यात झालेलं, आत धातूची दांडी घालून वर कॅप. इथे एक्सरेमध्ये मुळाच्या टोकाशी काळा गोल दिसला. इथल्या तज्ज्ञांनी सांगितलं, दांडी काढायला गेलं तर मूळच तडकायची भीती आहे, म्हणून कॅपच्या बाजूने न जाता मुळाच्या टोकाकडून जाऊ. हिरडी बाजूला करून मायक्रोस्कोपखाली मुळाचं टोक तीन मिलिमीटर कापलं, कारण बहुतेक सगळे फाटे त्या शेवटच्या तीन मिलिमीटरमध्ये असतात. मग त्या कापलेल्या टोकाकडून एमटीए नावाचं सिमेंट भरलं. दातही शाबूत, कॅपही तीच.

माझ्यासाठी नवी गोष्ट ही होती की सगळा दोष पहिल्या डॉक्टरांचा असतोच असं नाही. काढलेला तुकडा तपासणीला पाठवला, त्यात सिस्ट, म्हणजे द्रव भरलेली पिशवी, निघाली. मुळापासून सुटी झालेली सिस्ट कॅनाल कितीही साफ केला तरी आपोआप जात नाही, असं त्यांनी सांगितलं. काही जणांत जिवाणू मुळाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरही वस्ती करतात, तिथे फाइल आणि द्रावण पोचतच नाही. ही उदाहरणं कमी, पण असतात.

शेवंती

व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ फिरतोय, रूट कॅनाल केलेले दात शरीरात विष सोडतात, कॅन्सर झालेल्या बहुतेकांना रूट कॅनाल झालेलं असतं, म्हणून सगळे काढून टाका. माझ्या सासूबाईंनी तो बघितल्यापासून दोन चांगले दात काढायचा हट्ट धरलाय. हा धागा वाचून तर त्या अजूनच घाबरतील. कुणी नीट सांगेल का?

संत्राबर्फी

शेवंतीताई, ही अफवा शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियलमध्ये भाषण केलं, की दातांतला साचलेला पू शरीरभर आजार पसरवतो. त्यांचा रोख घाणेरड्या कॅप आणि ब्रिजवर होता आणि त्या काळी ते पुष्कळ अंशी खरंही होतं. तेव्हा रबर डॅम फार थोडे लावायचे, एक्सरे नवीन होता. पुढे वेस्टन प्राइस या अमेरिकन दंतवैद्यांनी १९२० च्या दशकात रूट कॅनालचे दात सशांच्या कातडीखाली पुरून बघितले, ससे आजारी पडले, आणि लाखो लोकांचे दात उपटले गेले. त्या प्रयोगात दात निर्जंतुक ठेवलेले नव्हते, तुलनेसाठी नीट गट नव्हते. नंतरच्या काळजीपूर्वक प्रयोगांत ते निष्कर्ष टिकले नाहीत. रूट कॅनालमुळे कॅन्सर होतो असा पुरावा नाही.

उमेद मिळेल असे आकडेही आहेत. स्वीडनमध्ये आठ-दहा वर्षं पाठपुरावा करून १९९० साली छापलेले: मुळाशी आजार सुरू व्हायच्या आत केलेल्या दातांत ९६ टक्के यश, मुळाशी आजार असताना केलेल्यांत ८६, आणि मुळाशी आजार असलेल्या दातांचं रूट कॅनाल दुसऱ्यांदा केलं तर ६२. शेवटचा आकडा लहान वाटेल. पण तो मायक्रोस्कोप आणि त्रिमिती स्कॅन हाताशी येण्यापूर्वीचा आहे. सासूबाईंचे दोन्ही दात दुखत नसतील, तर फक्त एक्सरे काढा. मुळाभोवतीचं हाड सलग दिसलं की तो फोटोच त्यांना दाखवा. डोळ्यांनी बघितलं की माणूस व्हिडिओ विसरतो.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज आईची तपासणी झाली, ती लिहिते, म्हणजे कुणाला तरी उपयोग होईल.

डॉक्टरांनी त्या पुळीच्या बारीक तोंडातून गटापर्चाची सुईसारखी काडी हळूच आत सरकवली. आईला काही जाणवलं नाही. मग तशीच ठेवून एक्सरे काढला. पडद्यावर ती पांढरी रेघ वळत वळत थेट मागच्या मुळाच्या टोकाशी जाऊन थांबली. पुढच्या मुळाशी काही नव्हतं. मग त्या दाढेपुरता त्रिमिती स्कॅन केला. मागच्या मुळात भरलेला कॅनाल एका कडेला आणि त्याच्या शेजारी, जिभेच्या बाजूला, काळी रिकामी रेघ. चौथा कॅनाल. कृष्णाकाठ सरांनी लिहिलं होतं तेच समोर होतं.

साध्या एक्सरेत हा का दिसला नाही, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, एक्सरेत मागचं-पुढचं सगळं एकावर एक येतं, दुसरा कॅनाल पहिल्याच्या सावलीत लपतो. शिवाय हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्सरेत काळा डागसुद्धा नीट उमटत नाही. त्यामुळे एक्सरे स्वच्छ म्हणजे आजार नाही, असं धरून चालत नाही.

कॅप कापून काढली आहे. रबर डॅम होता (मी विचारलं!). जुना गटापर्चा काढताना संत्र्याच्या सालीसारखा वास येत होता, गटापर्चा विरघळवणारं द्रावण संत्र्याच्या तेलाचं असतं म्हणे. चौथा कॅनाल मायक्रोस्कोपमधून मला दाखवला, खडूच्या भुकटीत सुईने टोचावं एवढा ठिपका. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून काही आठवड्यांनी बोलावलंय. पुळी बंद झाली तरच पक्कं भरणार.

सह्यवेडा

कृष्णाकाठ सर, एक्सरे काढला. वरच्या दाढेत चौथा कॅनाल भरलेला नाही असंच आलंय. गोळ्या बंद. पण हाड भरलं हे कळायचं कधी? आणि खर्च पहिल्यापेक्षा जास्त का सांगतात?

कृष्णाकाठ

जास्त, कारण जुनं काढायलाच निम्मा वेळ जातो, आणि आधीच्या फाइलने आतल्या भिंतीत पडलेली पायरी किंवा तुटलेलं फाइलचं टोक वाटेत असू शकतं. फाइल तुटून राहिली म्हणजे दात गेला असं समजू नका. धातूचा तुकडा स्वतः त्रास देत नाही, त्याच्या पलीकडचे जिवाणू देतात. ती तुटण्याआधी कॅनाल धुतलेला असेल तर कितीतरी दात तसेच वर्षानुवर्षं चांगले राहतात.

खर्च झेपत नसेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी दंत महाविद्यालयं, इथे एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण, करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हे काम करतात. फेऱ्या जास्त होतात, पण काम घाईत होत नाही.

हाड सावकाश भरतं. एका वर्षाने एक्सरे काढायचा. काळा डाग लहान झाला असेल पण पूर्ण गेला नसेल तर चार वर्षांपर्यंत वाट पाहायची, दर वर्षी फोटो काढून. दुखत नाही म्हणून हा फोटो काढायला कुणी येत नाही. सध्याचा एक्सरे मोबाइलमध्ये जपून ठेवा. पुढच्या डॉक्टरला तुलनेला तोच हवा असतो.

घाटवाट

माझ्या वडिलांचं थोडं वेगळं आहे. खालच्या दाढेचं रूट कॅनाल झालेलं, कॅप घातली नव्हती. ते आयुष्यभर सुपारी खातात, कातरून नाही, अख्खं खांड. आता चावताना एकाच ठराविक जागी कळ येते आणि हिरडीवर पुळी आहे, पण ती टोकाशी नाही, बरीच वर, दाताच्या गळ्याजवळ. त्यांचंही पुन्हा रूट कॅनाल होईल ना?

कृष्णाकाठ

घाटवाट, तुम्ही सांगताय त्यावरून मला मूळ उभं तडकल्याची शंका येते. पुळी गळ्याजवळ, ठराविक कोनात कळ, कॅप नाही, आणि वर सुपारीचं खांड, हे सगळं एकत्र आलं की आधी तेच तपासायचं. रूट कॅनाल झालेली दाढ पोखरून भिंती पातळ झालेली असते, आणि खांड फोडताना सगळा जोर एका उंचवट्यावर येतो. चीर पडली की तिच्यातून जिवाणू वरपासून खालपर्यंत एका सरळ रेषेत उतरतात.

ओळखायची खूण अशी. डॉक्टर बारीक खुणांची मापपट्टी हिरडी आणि दाताच्या मधून सगळीकडे फिरवतात. चांगल्या हिरडीत ती दोन-तीन मिलिमीटरवर थांबते. तडकलेल्या मुळाशी ती एकाच अरुंद जागी आठ-दहा मिलिमीटर खाली जाते आणि शेजारी लगेच परत तीनवर येते. स्कॅनमध्ये चीर दिसेलच असं नाही, आत धातू असेल तर फोटो विस्कटतो. कधीकधी हिरडी उघडून, निळा रंग लावून मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं.

चीर असेल तर पुन्हा रूट कॅनाल करू नका, कुणी करू म्हटलं तरी. ती बुजवण्याचा भरवशाचा उपाय अजून नाही आणि पैसे वाया जातील. खालच्या दाढेला दोन मुळं असतात. चीर एकाच मुळात असेल आणि दुसऱ्याभोवतीचं हाड भक्कम असेल, तर तडकलेलं मूळ तेवढं कापून काढून उरलेल्या अर्ध्या दाढेवर कॅप करता येते. मी निवडक पेशंटमध्ये हे करतो. नाहीतर दाढ काढायची. त्यातही उशीर नको, कारण चिरेलगतचं हाड झपाट्याने जातं आणि नंतर इम्प्लांटला जागा उरत नाही. या आठवड्यात दाखवा, आणि तोवर त्या बाजूने सुपारी पूर्ण बंद.